ताईचा नॉर्मल रिपोर्ट

माझ्या बहिणीला आळशी म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक दिवस तिच्या खुर्चीमागे उभं करायचं, असं मी ठरवलं होतं. सकाळी शटर वर करायचं ते अंधार पडेपर्यंत बूड टेकायचं नाही. हात सतत खांद्याच्या वर, मान सतत खाली. एका हातात कंगवा, एका हातात कात्री, आणि समोरचीने सुनेचं गाऱ्हाणं काढलं की 'हो ना बाई, हो ना' करत राहायचं. करा म्हणावं एक दिवस, मग बोला. पण मी नुसतं ठरवतच राहिले आणि ती खुर्चीच तिची राहिली नाही.

ताई बायकांचे केस कापायची. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत एक खुर्ची, एक मोठा आरसा, मान मागे टाकून केस धुवायचं एक बेसिन, एवढंच दुकान. पाटी नव्हती. पाटी कशाला हवी, सगळा रस्ता तिला 'कात्री'च म्हणायचा. कात्रीकडे जाऊन येते, कात्रीने काय छान कापलेत बघ. आमची आई म्हणायची, मोठीचा हात चालतो आणि धाकटीची जीभ. खरं आहे. मी बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर 'गाडी कधी सुटणार' ऐकून ऐकून माझ्या जिभेला जी धार आली आहे ती आता जायची नाही. ताई मात्र जन्मात कुणाला उलटून बोलली नाही, आणि तिथेच सगळं घोडं पेंड खातं.

ती खुर्ची तिने एका बंद पडलेल्या सलूनमधून आणली होती. पायाने दांडी दाबली की वर जायची आणि फुस्स करून खाली यायची. रेक्झिन फाटलेलं होतं, ते ताईने जाड सुईने स्वतः शिवलं. भावजी, म्हणजे ताईचा नवरा, तेव्हा म्हणाले होते, "हा हत्ती कुठे बांधणार?" त्याच हत्तीवर बसून पुढे वर्षानुवर्षं फुकट केस कापून घेतले, ते सोयीस्कर विसरले.

मग ताई मंदावली. एकदम नाही, हळूहळू. आधी चढ चढताना थांबायला लागली. मग भर उन्हाळ्यात स्वेटर घालून दुकानात उभी. आवाज जाड झाला, फोनवर मी एकदा तिला 'कोण बोलतंय' म्हणून विचारलं. सकाळी चेहरा सुजलेला, बांगड्या हातात रुतायच्या. आणि केस. बेसिनच्या जाळीत गिऱ्हाइकांचे केस अडकायचे तसे तिचे स्वतःचे अडकायला लागले. केस कापणारीचेच केस जायला लागले तर तिच्यापुढे डोकं कोण देणार? तिने गंगावन लावून अंबाडा घालायला सुरुवात केली. तो अंबाडा इतका झकास असायचा की मला, सख्ख्या बहिणीलाही, आत किती उरलंय याचा पत्ता नव्हता.

घरच्यांना हे आजारपण वाटलंच नाही. त्यांना वाटलं, बाई सुस्तावली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला ऐकवायच्या, "आमच्या वेळी नव्हतं बाई असं दमणं." भावजी चहा मिळायला उशीर झाला की घड्याळाकडे बघायचे, तोंडाने काही नाही, फक्त घड्याळाकडे. मला त्या बघण्याचा इतका राग यायचा की वाटायचं, काढावं ते भिंतीवरून आणि द्यावं त्यांच्या हातात.

आणि एक दिवस शाळेतल्या एका बाईंच्या केसांना रंग लावून ताई बाजूच्या स्टुलावर टेकली, आणि तिचा डोळा लागला. रंग राहिला नको तितका वेळ. बाईंच्या कानामागची कातडी भाजली. बोंबाबोंब झाली. ताईने माफी मागितली, मलम लावलं, दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आली. पण रस्ताभर झालंच, कात्री गिऱ्हाइकाच्या डोक्यावर झोपते.

त्या आठवड्यात ताईच्या घरी बैठक बसली. मीही गेले होते, मला कुणी बोलावलं नव्हतं तरी. ताईच्या धाकट्या दिराला मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं आणि रस्त्याकडच्या खोलीवर त्याचा डोळा आधीपासूनच होता. तो गोड बोलून म्हणाला, "वहिनींनी आता आराम करावा, असं मला वाटतं." आला मोठा वहिनींची काळजी करणारा!

"ती आजारी आहे," मी म्हटलं.

"सरकारी दवाखान्यात नेली होती ना?" भावजी म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाले? वय झालं, वजन कमी करा, रोज चाला. झालं की."

"त्यांनी मान वर करून बघितलं तरी का हिच्याकडे? रक्त तपासलं का?"

"मग तपासा ना, मी कुठे नाही म्हणतो?" भावजींनी हात झटकले. "खाजगीत तपासा. आजार निघाला तर औषध घे, बरी हो आणि चालव दुकान, मी एक शब्द बोलणार नाही. पण काही नाही निघालं, तर मग ही सगळी नाटकं बंद. खोली मोकळी करायची."

ताई खाली मान घालून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "चालेल." तिची खात्री होती. मला नंतर दारात म्हणाली, "मला माहितेय ना मला काय होतंय ते. मशीन थोडंच खोटं बोलेल?"

माझ्या शेजारणीला थायरॉइड आहे, तिचं सगळं असंच सुरू झालं होतं, म्हणून मला वाटत होतं हे तेच. बाजारातल्या खाजगी लॅबला मी फोन लावला. दुसऱ्यांच्या चौकशा घेणारी मी, त्या दिवशी स्वतः चौकशी करत होते. काय काय तपासता, चिठ्ठी लागते का, किती वाजता यायचं. पलीकडची बाई चांगली होती, नीट सांगत होती. मी ताईच्याच घरात, सगळ्यांसमोर, मुद्दाम मोठ्याने प्रत्येक गोष्ट परत म्हणत होते. ऐका म्हटलं, किती गंभीर काम आहे ते.

"सकाळी लवकर यायचं. बरं. काही न खाता आलं तर बरं, पाणी चालेल. सैल बाहीचं घालायचं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर... नाही, अजून काही चालू नाही. बरं. आणि? केसांच्या, नखांच्या गोळ्या घेत असाल तर आधी दोन-तीन दिवस बंद ठेवायच्या, नाहीतर आकडे चुकतात. ताई, घेतेस का गं असलं काही?"

सासूबाईंनी वर बघितलं. दिराने मोबाइलमधून मान काढली. ताई म्हणाली, "मी? छे! मला काय करायच्या त्या?"

"नाही घेत," मी फोनमध्ये सांगितलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी तिला न्यायला गेले तर ही आरशासमोर. अंबाडा घालून, पिना लावून, परत सोडून, परत घालून. मी म्हटलं, "बाई गं, रक्त हाताचं काढणार आहेत, डोक्याचं नाही." ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. मग म्हणाली, "पाणी चालतं ना नक्की?" आणि पेला भरून दुकानाच्या खोलीत गेली. मला वाटलं, खुर्चीला एकदा हात लावायला गेली असेल.

लॅबमध्ये ही गर्दी. भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, समोर टीव्ही, त्याचा आवाज बंद. आणि नेमक्या आमच्या समोर कोण, तर पोस्टातल्या बाई. ताईचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, आणि तोंडाचा असा पट्टा की पत्राआधी बातमी पोचावी. "अगं बाई, कात्री! तू इथे? काय झालं? काही मोठं आहे का?" अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"काही नाही हो, सहज," ताई म्हणाली.

तेवढ्यात काउंटरवरच्या बाईने नाव घेतलं आणि तिथूनच ओरडून विचारलं, "कुठलं औषध चालू? केसांच्या गोळ्या वगैरे काही घेता?"

पोस्टातल्या बाईंनी मान वळवली ती थेट ताईच्या अंबाड्याकडे. ताईने अंबाड्यावरून हळूच हात फिरवला आणि हसून म्हणाली, "अहो, माझ्याकडे बघून वाटतंय का मला केसांच्या गोळ्या लागत असतील?" पोस्टातल्या बाई हसल्या, काउंटरवाली हसली. मीही हसले. काय ठसक्यात बोलली, असं वाटलं मला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. सगळं नॉर्मल.

मी तो कागद उलटा करून बघितला, पाठीमागे काही आहे का म्हणून. काही नव्हतं. लॅबला फोन केला, तर त्या बाईने शांतपणे सांगितलं, सगळं मर्यादेत आहे, काळजीचं काही कारण नाही. काळजीचं कारण नाही म्हणे! सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना नेऊन दाखवला तर ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, चाला." भावजींनी कागद वाचला, घडी घातली आणि टीव्हीखालच्या खणात ठेवला. घरात कशाचाही कागद सांभाळून न ठेवणारा माणूस, हा तेवढा जपून ठेवला. ताई एवढंच म्हणाली, "मग मला होतंय ते काय आहे?" सासूबाई म्हणाल्या, "मनाचे खेळ असतात गं."

मी तेव्हा खूप भांडले. घसा बसेपर्यंत भांडले. पण कशाच्या जोरावर भांडणार? छापील कागद त्यांच्या हातात होता आणि माझ्या हातात नुसतं तोंड. दोन दिवसांत बेसिन उखडलं, आरसा कपाटामागे गेला, दिराचं काचेचं टेबल आलं. खुर्ची भंगारात देऊ म्हणाले. मग दिराने त्यात बसून बघितलं, दांडी दाबून वरखाली केलं आणि म्हणाला, "वहिनी, ही राहू दे. टेबलाला बरोबर बसते." आडवे येतात म्हणून हात मात्र कापून टाकले खुर्चीचे. ताईने तेही दारात उभं राहून बघितलं.

त्यानंतर ती घरात राहिली. अंबाडा घालणं सोडलं, डोक्याला रुमाल बांधायला लागली. कोणासाठी घालायचा? हळूहळू बोलणंही कमी झालं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत आपण दुसरं काही करून यावं, इतकं हळू. घरच्यांनी याला रुसवा म्हटलं. मी गेले की सासूबाई म्हणायच्या, "तुझी बहीण फुगून बसलीय, समजाव जरा."

एक दिवस गेले तर ताई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली, भिंतीला टेकून. गॅसवर भांडं काळं पडलेलं. मी हाक मारली तर डोळे उघडले, मला बघितलं, आणि ओळखायला वेळ लागला. डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या, भुवयांची टोकं गायब, जीभ जड. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि तिला उचलून गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. बाहेरच्या खोलीतून जाताना दीर खुर्चीत बसून कुठलासा बारीक स्क्रू शोधत होता. "काय झालं वहिनींना?" म्हणाला. मी उत्तर दिलं नाही, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, गुडघ्यावर ठोकून बघितलं आणि लगेच रक्त घेतलं. रिपोर्ट बघून त्यांचा चेहराच बदलला. "थायरॉइड जवळजवळ बंद आहे यांचा. इतके दिवस काय करत होता?"

"तपासलं होतं," मी म्हटलं. "खाजगीत. नॉर्मल आला होता." फोनमधला फोटो दाखवला.

त्यांनी तो बघितला, ताईकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, "तेव्हा काही गोळ्या घेत होता? आठवून सांगा. केसांसाठी वगैरे?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मग त्या जाड, ओढलेल्या आवाजात म्हणाली, "घेत होते. दुकानाला शांपू आणि रंग देणारा माणूस होता, त्याच्याकडून. रोज दोन. तो म्हणाला होता, एक दिवस जरी चुकवलीत तर टिकलेलेही जातील."

"तपासणीच्या दिवशी?"

"सकाळीच घेतली होती. पाणी चालतं म्हणाले होते ना."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, त्या गोळ्यांनी काही मशीनचे आकडे फसतात. खराब थायरॉइड चांगला दिसू शकतो. पुढे त्या आणखी काही समजावत होत्या, माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी ताईकडे बघत होते. दुकानातल्या रंगाच्या रिकाम्या खोक्यात लपवून ठेवायची म्हणे ती गोळ्यांची बाटली. आता आकडे खरे आले, कारण गोळ्या बंद होत्या. गोळ्या बंद होत्या, कारण दुकान बंद होतं. डोक्याकडे बघायला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं, मग गोळी कशाला घ्यायची?

"अगं, मला तरी सांगायचंस," मी म्हटलं. "माझ्या कानात सांगायचंस!"

"सासूबाई समोर होत्या," ती म्हणाली. "मग त्या पोस्टातल्या बाई. कात्रीलाच टक्कल पडतंय हे रस्त्याला कळलं असतं तर दुकान बुडालं नसतं का?"

दुकान वाचवायला ती खोटं बोलली आणि त्या खोट्यानेच दुकान गेलं. मला तिचा राग आला आणि तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटलं. मी रागावले. मला तेच जमतं.

गोळ्या लागू पडल्या. सकाळी उपाशीपोटी एक, एवढंच. सूज उतरली, आवाज सुटला, भुवया परत आल्या. रुमालाखाली बारीक कोवळे केस उभे राहिले. ती जिना न थांबता चढली त्या दिवशी मी मिठाई वाटली असती, पण वाटायची कुणाला? मी नवा रिपोर्ट घेऊन भावजींकडे गेले. म्हटलं, "आजार निघाला. तुम्हीच म्हणाला होता, आजार निघाला तर औषध घे आणि चालव दुकान. द्या खोली."

"आता कसं?" भावजी म्हणाले. "त्याचा धंदा आत्ता कुठे बसतोय. आणि चूक कुणाची? आम्ही का लपवल्या गोळ्या?"

सासूबाई म्हणाल्या, "बरी झाली ना? मग झालं. कशाला उकरून काढतेस?"

परवा मीच ताईला म्हटलं, माझे केस कापून दे. घरातच, स्वयंपाकघरात, प्लॅस्टिकच्या स्टुलावर. तिने कपाटाच्या वरच्या खणातून कात्र्यांचा डबा काढला. तेल घालून ठेवल्या होत्या सगळ्या. माझे केस ओले केले, भांग पाडला आणि ती सुरू झाली. तो आवाज! किती दिवसांनी ऐकला. बाहेरच्या खोलीतून खुर्चीचं फुस्स ऐकू आलं, तेव्हा कात्री क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

डावी बाजू झाली तेवढ्यात भावजी आत आले. आमच्याकडे बघून खूश झाले. "बघ! कशी ठणठणीत आहे! मी म्हणतच होतो, हिला काही झालेलं नाही. पहिल्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलं होतं." मग मानेवरून हात फिरवत म्हणाले, "माझेही वाढलेत. मला बाहेर जायचंय, माझे आधी उरकून घे."

मी ताईकडे बघितलं. म्हटलं आता बोलेल. आता तरी बोलेल. हातात कात्री आहे, अंगात ताकद आहे, आता नाही तर कधी?

ताई मला म्हणाली, "ऊठ ना जरा. यांचं लगेच होईल."

मी उठले. तिने माझ्या गळ्याभोवतीचं कापड सोडलं, झटकलं, त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि मान किंचित पुढे दाबली. मग तिच्या त्या दुकानातल्या आवाजात, अगदी जुन्या, स्वच्छ आवाजात तिने विचारलं, "मागून किती ठेवू?" तिचा चेहरा उजळला होता. कित्येक दिवसांनी तिच्या हाताखाली एक डोकं आलं होतं आणि ते कुणाचं आहे याची तिला पर्वा नव्हती. मला ते बघवेना. मी ओल्या केसांनीच चपला घातल्या आणि निघून आले.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खिडकीत तशीच बसले, एका बाजूचे केस आखूड आणि एका बाजूचे लांब. कुणी विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं, पहिल्यापासून सगळं सांगायचं. दिवसभर रांग होती. गाडी कधी सुटणार, एवढंच सगळ्यांनी विचारलं.